तापात खेळले, हरले, पण हात मिळवला

मंडळी, आज सकाळी अंगात ताप होता आणि नाक नळासारखं गळत होतं. आई म्हणाली, "अगं, पडून राहा." पण तलवारबाजीच्या सेमीफायनलला समोर मौमिता असताना घरी कशी राहणार?

मागच्या वर्षी याच गार्डन रीचच्या हॉलमध्ये तिने मला हरवलं. वर माझ्याशी हात मिळवून सगळ्यांसमोर तो पँटला पुसला. वर्षभर डोक्यात तेच होतं.

आज मला शिंकताना बघून हसली. "दीदी, घर पे आराम करना था ना!"

हरले. अंगात ताप, काय करणार?

पण आमच्या खेळात सामना संपल्यावर हात मिळवल्याशिवाय बाहेर पडता येत नाही. उजव्या हातात तलवार असते, म्हणून मोकळा डावा हात मिळवायचा. त्याच हाताने मी दर ब्रेकला नाक पुसत होते.

तिचा हात असा घट्ट धरला, की शेवटी पंच म्हणाले, "बस, बस!"

तिची फायनल परवा आहे. ग्रुपवर कोणी डॉक्टर आहे का? सर्दी व्हायला दोन दिवस पुरतात ना?