आईनं घेतलेला नियम

आप्पांना मी माफ केलेलं नाही. करायचा विचारही नाही. घरात सगळे म्हणतात, झालं ते झालं, सोडून दे. मी ‘बरं’ म्हणते. लहानपणापासून मी सगळ्याला ‘बरं’च म्हणत आले आहे, त्यामुळे कुणाला शंका येत नाही.

आप्पा म्हणजे पप्पांचे थोरले भाऊ. निपाणीत त्यांची तंबाखूची वखार आहे, पप्पा तिथंच काम बघतात. माझा भाऊ चौदा वर्षांचा. त्याला बसता येत नाही, बोलता येत नाही, घास भरवावा लागतो. सहा महिन्यांचा असल्यापासून त्याला झटके येतात. बेळगावच्या डॉक्टरांनी गोळ्या बदलून बदलून शेवटी हात टेकले. मग कोल्हापूरच्या एका वैद्यबाईंनी भांगेच्या पानांचं तेल लिहून दिलं. चिठ्ठीवर रीतसर मिळणारं औषध. गोळ्या चालूच ठेवायच्या आणि सकाळ-संध्याकाळ मोजके थेंब द्यायचे. दोन महिन्यांत दिवसाचे सात-आठ झटके एक-दोनवर आले. एका दुपारी तो आईकडे बघून हसला. त्याला हसता येतं हे आम्ही विसरलो होतो.

बाटलीवरचं लेबल इंग्रजीत होतं. आप्पांनी एकदा ती उचलली आणि माझ्यापुढं धरली.

“वाच बघू काय लिवलंय. तुझं इंग्लिश मीडियम कधी कामाला येणार?”

मी बेळगावला खोली घेऊन शिकते, पण घरातले सगळे कागद मीच वाचते. मी वाचलं. अर्थही सांगितला, शाळेत उभं राहून सांगतात तसा, एकही शब्द न गाळता.

“म्हंजे गांजाच की. पोराला गांजा पाजताय व्हय गं?”

“औषध हाय आप्पा,” आई म्हणाली. “चिठ्ठी हाय.”

“चिठ्ठी काय, दारूची बी मिळती.”

त्या वर्षी चातुर्मासाला आमचे जैन मुनी महाराज निपाणीत मुक्कामाला होते. आप्पांच्या घरी त्यांचा आहार, म्हणजे त्यांचं दिवसाचं एकच जेवण, व्हायचा होता, आणि एकदा तरी आपल्या हातनं आहार द्यावा ही आईची किती वर्षांची इच्छा. त्यासाठी आधी एखादा नियम घ्यायचा, काहीतरी सोडायचं, अशी आमच्या घरातली रीत. नियम घेताना सूट तिथंच बोलून घेतात. आजारपणात सूट, औषधाला सूट, प्रवासात सूट. न बोललेली सूट मिळत नाही.

आदल्या दिवशी आई मंदिरात गेली. पंचवीस-तीस माणसं बसली होती. ती हात जोडून उभी राहिली, आणि तिनं तोंड उघडायच्या आत आप्पाच बोलले.

“महाराज, हिच्या घरात नशेचं तेल आलंय. चातुर्मासभर ते घरात आणायचं न्हाय, असा नियम द्या.”

सगळ्यांच्या माना आईकडं वळल्या. नशा म्हटल्यावर बायका थोड्या सरकूनच बसल्या. आईचा चेहरा पांढरा पडला होता. सूट मागायचं तिच्या ध्यानातच आलं नाही. महाराजांनी नियम दिला आणि तिनं मान डोलावली. मी दोन हातांवर बसले होते. मीही बोलले नाही.

त्या संध्याकाळी तिनं बाटली माझ्या पिशवीत ठेवली. “घेऊन जा बेळगावला. बोलून आले, आता मोडू कशी?” माझ्या खोलीत कपाटातल्या टॉवेलांमागं ती बाटली उभी राहिली, आणि तिकडं भावाचे झटके वाढत गेले. आठव्या दिवशी एक झटका थांबेचना, त्याला दवाखान्यात न्यावं लागलं.

“महाराजांना जाऊन विचार,” मी आईला म्हटलं.

“मला न्हाय परत तिथं उभं राहवत.”

रविवारी दुपारी मंदिरात लोक महाराजांना शंका विचारतात. मी उठले. माइक मागून घेतला. औषधालाही नियम लागू होतो का, एवढंच विचारलं आणि चिठ्ठी पुढं पाठवली. महाराजांनी ती वाचली, भावाबद्दल दोन प्रश्न विचारले.

“हे औषध आहे असं मला कुणी सांगितलं नव्हतं,” ते म्हणाले. “औषध बंद करा असं मी कुणालाच सांगत नाही. वैद्यांना विचारा आणि आजच सुरू करा.”

माझं काम झालं होतं. मी बसले नाही.

“अजून एक. आमच्या आप्पांना रात्रीच्या जेवणाचा त्याग आहे, प्रवासात सूट. शेजारच्या संकेश्वरला जाऊन आलं तरी ते प्रवासच धरतात. तंबाखूचा त्याग आहे, माल पारखायला सूट. ते वर्षभर पारखतात. एवढ्या सुटी ज्यांना पाठ आहेत, त्यांनी आईला एक सूट का सांगितली नाही?”

“अगं बया,” कुणीतरी म्हणालं, आणि बायकांत हसू फुटलं.

“खाली बस,” आप्पा ओरडले. “लई शिकलीस!”

“शिकली म्हणूनच बोलती की,” मागून एक म्हातारी म्हणाली.

महाराज हसले नाहीत. त्यांनी आप्पांना विचारलं, “पारखायची सूट आजपासून काढूया का?” सगळं मंदिर बघत होतं. आप्पांनी हात जोडले. मला फार बरं वाटलं. खोटं कशाला सांगू.

आईनं वैद्यबाईंना फोन करून तेल पुन्हा सुरू केलं. लगेच गुण येणार नाही, असं त्यांनी बजावलं होतं. पप्पा मात्र दुसऱ्या दिवसापासून वखारीत गेले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा. शनिवारी मी घरी आले होते तेव्हा आप्पा चिक्कू घेऊन दारात आले.

“बापाला धाडून दे. माझी माफी मागायची गरज न्हाय, मी सोडलं.” मग भावाच्या गादीशी बसले. “पोरगं बरं दिसतंय की.”

तेवढ्यात त्याचा अंगठा मुठीत गेला, डोळे वर फिरले.

“अगं, हे काय! धर की!”

“तुम्ही जवळ आहात. कुशीवर करा. डोकं आपटू देऊ नका. तोंडात काही घालू नका.”

त्यांनी धरलं. भावाची लाळ त्यांच्या पांढऱ्या धोतरावर ओघळली.

“थांबंना गं! किती वेळ असं?”

“तेल बंद होतं तेव्हा याहून जास्त.”

“आईला बोलव तुझ्या. बोलव गं!”

मी घड्याळाकडं बघत होते, दोन मिनिटं झाली नव्हती. आई मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. एक हाक पुरली असती. मी मारली नाही.