दोन प्रती

आमच्या वॉर्डाचे नगरसेवक आधी परदेशात राजदूत होते. निवृत्त होऊन सोलापुरात परतले आणि निवडणुकीला उभे राहिले. माझ्या झेरॉक्सच्या दुकानात आले की कडक इस्त्रीच्या शर्टात रांगेत उभे राहतात आणि "कृपया" म्हणून कागद पुढे करतात. इथं कोणी कोणाला कृपया म्हणत नाही, त्यामुळे सुरुवातीला ते माझी चेष्टाच करतायत असं वाटायचं.

परवा ते वरच्या आणि खालच्या गल्लीच्या दोन म्हाताऱ्यांना घेऊन आले. पाणी आधी कोणत्या गल्लीला सोडायचं, यावरून त्यांचं वर्षभर भांडण होतं. आठवड्याआड पाळी, एवढ्यावर दोघं कबूल झाले होते. पण मी टाइप केलेल्या कागदावर खालच्या गल्लीचं नाव आधी बघून वरचे म्हातारे उठलेच. "आमी काय मागनं आलोय व्हय?"

साहेब शांतपणे मला म्हणाले, "कृपया दोन प्रती काढा. एकीत यांचं नाव आधी, दुसरीत त्यांचं. ज्याचं नाव आधी, त्याने ती प्रत न्यावी. देशादेशांचे करारही असेच होतात."

दोघांनी दोन्ही कागदांवर ऐटीत सह्या केल्या आणि आपापला कागद खिशात घातला. साहेबांचं नाव त्यात कुठंच नव्हतं. निवडणूक तोंडावर आलेली, म्हणून मीच विचारलं, "साहेब, तुमचं नाव कुठं टाकू?"

"नको," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच कृपया विसरले. "परत भांडण लागंल की."