दुसरी शालन

तुम्हाला कधी तुमच्याच आवाजात फोन आलाय का? मला आलाय. भाकरी थापता थापता फोन घेतला, तर पलीकडून मीच बोलत होते, "नमस्कार. मी शालन बोलते. घाबरू नका." आता यात न घाबरण्यासारखं काय होतं, ते मला अजून कळलेलं नाही!

आमच्याकडे असल्या गोष्टी साठत चालल्यात. एक सांगायला बसावं तर तिचा पदर धरून दुसरी येते. आमचं गाव नरसिंहपूरच्या अलीकडं, नीरेच्या काठावर. वरच्या धरणांतून पाणी सोडलं की खालची वस्ती आधी बुडते. त्या वस्तीत आमच्या मालकांची आत्या एकटी राहते. दर पावसाळ्यात "आत्या, वर चला" म्हणून मी घसा कोरडा करते, आणि त्या म्हणतात, "पाणी मला वळखतं."

त्यामुळं बारामतीहून नव्या यंत्रांची टीम आली आणि चाचणीसाठी बचत गटातल्या बायका हव्यात म्हणाली, तेव्हा पहिला हात मी वर केला. यातलं एखादं यंत्र तरी आत्यांना पुराआधी उंबऱ्याबाहेर काढेल, एवढीच आशा.

यंत्रं मूळची फौजेसाठी बनवलेली होती. चाचणीसाठी केलेल्या आमच्या पथकाचे पुढारी गावातलेच रिटायर फौजी, सुभेदारतात्या. मी त्यांना विचारलं, "तात्या, ही लढाईची हायत का पुराची?"

"दोन्हीची. शत्रू बदलतो, चिखल त्योच!"

मला काही कळलं नाही, पण मी मान हलवली.

*

पहिला आला ड्रोन. हा अंगाची ऊब बघून हरवलेला माणूस शोधतो. टीमचा इंजिनिअर ओंकार मला म्हणाला, "काकू, तुम्ही उसात लपा. ड्रोन तुम्हाला पाच मिनिटांत शोधेल."

मी लपले. भर दुपार, उसाची पानं अंगाला कापतायत, डोक्यावर ड्रोन घोंगावतोय. म्हटलं, सापडले!

तिकडं स्क्रीनवर मोठा लाल ठिपका उमटला. ओंकार ओरडला, "सापडल्या! आडव्या पडल्यात, हालचाल नाही!"

सगळे स्ट्रेचर घेऊन पळाले आणि थेट मारुतीआबांच्या उकिरड्यावर पोचले. कुजतं शेण आतून तापलेलं असतं, हे ड्रोनला कुणी सांगायचं? तात्यांनी स्ट्रेचर खाली ठेवलं आणि म्हणाले, "हं, उचला पेशंट! खांद्याकडनं कोण धरतंय?"

माझी आठवण कुणालाच नाही. शेवटी मी आपली आपण बाहेर आले. मला बघून ओंकार म्हणतो, "अरे काकू, तुम्ही कुठं होता?"

*

मग आला चष्मा. धुरात, अंधारात जवानाला वाट दिसावी म्हणून काचेत हिरवा बाण दिसतो. बाणामागं चालायचं, दुसरीकडं बघायचं नाही. तो माझ्या मैत्रिणीला, रंजनाला घातला.

रंजना बाणामागं जी निघाली, ती मारुतीआबांच्या अंगणातून, ओसरीवरून, थेट त्यांच्या चुलीपुढं!

आबा जेवत होते. "आगं ए, कुठं निघालीस?"

"आबा, सरका. हितनं रस्ता हाय. नकाशात दिसतोय."

आबांच्या हातातला घास हातातच राहिला. चाचणी पुराची आहे, हे आम्ही परोपरीनं सांगितलं. त्यांना पटेना. दुसऱ्या दिवशी जाऊन बघतो तर आबांनी रस्त्यावर बांधलेला गोठा स्वतःच्या हातानं मागं घेतलेला! ग्रामपंचायतीच्या नोटिसांनी जे झालं नव्हतं, ते रंजनाच्या चष्म्यानं झालं.

*

शाळेत पूरग्रस्तांचा निवारा करायचा ठरला. तिथं एक कॅमेरा बसवला. तो आलेली माणसं मोजतो, आणि तेवढ्या माणसांचा स्वयंपाक टाका म्हणून आपल्याला निरोप येतो.

चाचणीच्या दिवशी शाळेत आम्ही सहा जण. निरोप आला, बावन्न! मी गोंधळले. पण यंत्र खोटं कशाला बोलेल? रंजनाला म्हटलं, "येणार असतील गं कुणीतरी." मोठं पातेलं चढवलं. खिचडी झाली तरी माणसं काही येईनात.

तात्या बाहेर जाऊन बघून आले. कॅमेऱ्यासमोरच्या भिंतीवर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स होता. वर साहेब, खाली शुभेच्छुकांचे फोटो, ओळीनं.

"शालनबाई," तात्या म्हणाले, "पंगत भिंतीवर बसलीया. वाढा!"

*

आता आवाजाचं. बचत गटाचे ठराव मी वाचते, वाचन स्पष्ट आहे, म्हणून ओंकारनं माझा आवाज निवडला. तासभर धडे वाचून घेतले. मग कंप्युटर माझ्या आवाजात आपल्या मनानं बोलायला लागला! पाणी वाढलं की एका वेळी सगळ्या गावाला फोन, आणि माणूस जे विचारेल त्याला उत्तर.

पहिला फोन आमच्या मालकांना गेला. "नमस्कार. मी शालन बोलते. कृपया ताबडतोब घर सोडा."

मालक समोरच सोप्यात बसलेले. मी चुलीपाशी. त्यांनी माझ्याकडं बघितलं, फोनकडं बघितलं, टोपी घातली आणि निमगाव केतकीला बहिणीकडं निघून गेले. दोन दिवस आले नाहीत!

परत आल्यावर म्हणाले, "तोंडानं सांगायचं हुतं की. फोन कशाला केलास?"

*

आत्यांना मात्र तो फोन फार आवडला. त्या कंप्युटरशी गुडघेदुखी बोलायच्या, मेलेल्या म्हशीबद्दल बोलायच्या. तो मध्ये तोडायचा नाही. "मी समजू शकते, आत्या," म्हणायचा.

आत्या गावभर सांगायला लागल्या, "शालन आता सुधारली. ऐकून घेती."

रंजनानं त्यांना समजावलं, "आत्या, ती शालन न्हाय. ती दुसरी, कंप्युटरमधली."

"आसू दे की. दुसरी तर दुसरी. बोलती तरी गोड."

मला बरं वाटावं की वाईट, तेच कळेना.

*

आणि मग या पावसाळ्यात खरंच पाणी सुटलं. संध्याकाळी सगळ्यांना फोन गेले. वस्ती भराभर शाळेत आली. आत्या आल्या नाहीत. तात्यांनी ट्रॅक्टर काढला, ट्रॉली जोडली, मी मागं बसले. वस्तीत पोचलो तेव्हा पाणी आत्यांच्या अंगणात घोट्याएवढं होतं.

आत्या खाटेवर, मांडीवर गाठोडं, हातात फोन.

"आत्या, चला!"

"मी न्हाय. ती येणार हाय."

"कोण ती?"

"दुसरी. मी म्हनलं, मला चालवत न्हाय. तर म्हनली, जागेवरच थांबा, मदत येत आहे. मी थांबलीया."

"आवं, मदत म्हंजी मीच!"

"तू वराडतीस. ती आशी न्हाय."

मी हात धरला, त्यांनी सोडवला. रडले. तेही चालेना. पाणी उंबऱ्याला लागलं. तात्या बाहेरून म्हणाले, "शालनबाई, आता ट्रॅक्टर निघायचा न्हाय हां."

मी आत्यांच्या रिकाम्या गोठ्यामागं गेले आणि आत्यांना फोन लावला. आवाज कंप्युटरसारखा सपाट केला.

"नमस्कार. मी शालन बोलते. घाबरू नका, आत्या. कृपया ट्रॉलीत बसा."

"बसते की गं बाई. पर हितं एक आलीया, लई कालवा करती."

"तिचंही ऐका."

"तू म्हन्तीस म्हून हां."

आत्या उठल्या. तात्यांनी त्यांना उचलून ट्रॉलीत बसवलं. चाकं पाण्यातून कशी निघाली, ते त्यांनाच ठाऊक. चढावर आलो तशा आत्यांनी मागं वळून बघितलं.

"आन् ती गं?"

"कोण?"

"ती दुसरी. हितंच ऱ्हायली का?"

मी तात्यांकडं बघितलं. तात्यांनी गिअर बदलला.

"मागनं येतीय," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्यांच्या घरात छातीइतकं पाणी होतं, आणि शाळेच्या व्हरांड्यात आत्यांनी एक कप चहा बशीनं झाकून बाजूला ठेवला होता.