देवाच्या सात मेंढ्या आणि रिकामा रकाना

डेटा सायन्सच्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हाची ही गोष्ट. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही. त्यामुळे प्रोजेक्ट म्हणजे काय हे घरी मलाच समजावून सांगावं लागलं, आणि मलाही ते पूर्ण समजलेलं नव्हतं. शेवटी मी आमच्या मेंढ्याच घेतल्या. चार घरांचा मिळून एक कळप, येलदरी धरणाच्या अंगाला चरतो. प्रत्येक मेंढीचं वजन नोंदवायचं आणि कोणत्या घरच्या मेंढ्या कशा भरतात ते प्रोग्रॅमने सांगायचं, एवढंच काम. सरांनी एक फॉर्म दिला होता. त्यावर प्रत्येक मालकाची संमतीची सही हवी होती. चार घरांच्या चार सह्या मी आधीच घेऊन ठेवल्या.

माहिती कळप राखणाऱ्या माझ्या काकांनी सांगितली, मी लॅपटॉपमध्ये भरली. मेंढीची खूण, वय, वजन, मालक. एकशे बारा मेंढ्या. त्यातल्या सात देवाला सोडलेल्या. त्यांच्या मालकाच्या रकान्यात काय लिहू, असं विचारल्यावर काका दचकले. अशा मेंढीपुढे माणसाचं नाव लावत नाहीत, आणि देवाचं नाव "तुझ्या त्या डब्यात" लिहायचं नाही. मी रकाना रिकामा ठेवला.

प्रोग्रॅम चालवून घराघराच्या गटांची बेरीज घेतली. एकशे पाच.

लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला. एकशे पाच. काकांनी मोजलेल्या मेंढ्यांची यादी वाचून दाखवायला सांगितली. काका मेंढ्या आकड्याने मोजत नाहीत. कोण नाही ते त्यांना आधी कळतं.

"देवाच्या साती बी न्हाईत की गं," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उजळला. "देवाचं हाय ते. मशीनला कसं दिसल?"

दोन दिवसांत गावभर झालं. शेजारच्या काकूंनी लॅपटॉपला हळद-कुंकू वाहिलं, ते कळांच्या फटीत गेलं आणि अजून तिथेच आहे. एक आजोबा आले आणि मागच्या वर्षी वाहिलेलं बोकड देवाला पोचलं का, तेवढं बघून दे म्हणाले. मी सगळ्यांना सांगत होते की हा चमत्कार नाही, माझी काहीतरी चूक आहे.

"तुझी चूक असती तर बाकीच्या कामून बरोबर आल्या?" काकू म्हणाल्या. मी पुन्हा सगळा प्रोग्रॅम ओळीओळीने तपासला.

परभणीला कॉलेजात सरांनाही चूक सापडली नाही. "बेरीज जुळल्याशिवाय मी सही करणार नाही," ते म्हणाले. आणि वर, "नाहीतर त्या सात काढूनच टाक." सही नाही म्हणजे वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं की घरात स्थळांचा विषय निघणार हे मला माहीत होतं. मी काकांना सात मेंढ्या काढण्याबद्दल भीत भीत विचारलं.

"काढू की. तुज्या सरांना म्हणाव, तुमी देवाला इचारून या."

त्याच आठवड्यात कॉलेजच्या फळ्यावर पुण्यातल्या परिषदेचा कागद लागला. आम्ही ज्या भाषेत प्रोग्रॅम लिहितो, तिची परिषद. विद्यार्थ्यांना प्रवेश फुकट. सरांना वाटलं मी उगाच चालले आहे. "ते भाषा बनवणाऱ्यांचं असतं. आपण डेटावाले. भाजी करायला शिकायची तर भांड्याच्या कारखान्यात कशाला जायचं?" मला ते पटलं होतं. तरी मी गेले, कारण दुसरं काही सुचत नव्हतं.

काका बरोबर आले. कार्याला एकटं जात नसतात, आणि रिकाम्या हातानं तर नाहीच, असं म्हणून त्यांनी पिशवीत टॉवेल, टोपी आणि नारळ घेतला. सेलूहून गाडीत बसलो.

नोंदणीच्या टेबलावरच्या मुलीने काकांचा पटका आणि खांद्यावरची घोंगडी पाहिली आणि काही न विचारता त्यांच्या गळ्यात बिल्ला घातला. माझ्याकडे मात्र ओळखपत्र मागितलं. चहाच्या वेळी एका दाढीवाल्या दादांनी काकांना विचारलं, "तुम्ही सध्या कशावर काम करता?"

"मेंढरांवर."

दादांनी गंभीरपणे मान हलवली. तिथल्या सॉफ्टवेअरच्या निम्म्या साधनांना जनावरांची नावं होती. "किती वर्षं झाली?" त्यांनी विचारलं. "चाळीसेक," काका म्हणाले. दादा उठले आणि काकांना खुर्ची दिली.

सकाळची तीन भाषणं मला कळली नाहीत. चौथं भाषण देणाऱ्या बाई मात्र, डेटाचे गट पाडायला मी वापरते ते साधन सांभाळणाऱ्यांपैकी होत्या. चष्मा, साधा कुर्ता, घसा बसलेला. मी तीन वर्षं ते साधन वापरत होते, पण ते कोणी माणसाने बनवलं असेल असं कधी मनात आलं नव्हतं. नदीसारखं ते आपोआप आहे असंच वाटायचं.

प्रश्नांची वेळ आली. मी हात वर करू की नको करत बसले, तेवढ्यात काकांनी केला. माइक त्यांच्याकडे आला.

"बाई, तुमची मशीन देवाच्या मेंढ्या कामून मोजत न्हाई?"

मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. बाईंनी एकच विचारलं, "मालकाच्या रकान्यात काय आहे?"

"काही नाही. रिकामा आहे."

"मग बरोबर आहे. गट पाडताना ज्या ओळीला गटाचं नाव नाही, ती ओळ आपण गाळतो. काही न सांगता." त्या जरा ओशाळल्या. "सुरुवातीला तसं ठरलं. आमच्यात यावरून भांडणंही झाली. गाळू नको असं एका शब्दात सांगता येतं, पण ते तुम्हाला माहीत असावं लागतं."

"नाव न्हाई म्हंजी मालक न्हाई, असं नसतंय बाई," काका म्हणाले.

बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. मग काका मंचावर चढले, नारळ बाईंच्या हातात दिला, टॉवेल खांद्यावर टाकला आणि टोपी घातली. उरलेले दोन प्रश्न बाईंनी टोपी घालूनच घेतले.

घरी येऊन मी बाईंनी सांगितलेला तो शब्द टाकला. एकशे बारा. गावात थोडी निराशा झाली. बोकडवाले आजोबा मला म्हणाले, "पुण्याला नेऊन बिघडवलीस बग."

सरांनी छापील पानं बघितली. बेरीज जुळली होती. मग त्यांचं बोट फॉर्मवर थांबलं.

"गट पाच, सह्या चार. हा बिननावाचा पाचवा मालक कोण? त्याची संमती कुठे आहे?"

मला खरंच रडू आलं. फॉर्म घेऊन गावी गेले आणि काकांपुढे ठेवला. काकांनी पाचवा चौकोन कोणता ते विचारलं, उठून देवळात गेले आणि थोड्या वेळाने परत आले. दुसऱ्या दिवशी मी तो फॉर्म सरांच्या टेबलावर ठेवला. पाचव्या चौकोनात चिमूटभर भंडारा चोळलेला होता.

सरांनी त्या पिवळ्या डागावर बोट ठेवलं. मग बोटाला लागलेला भंडारा त्यांनी कपाळाला लावला, आणि खिशातून पेन काढलं.