पंचफुलाबाईंचं हो आणि नाही

इम्पिडन्स काही उतरेना. स्क्रीनवर सोळा इलेक्ट्रोडची सोळा टिंबं होती आणि सोळाच्या सोळा लाल. एखाद-दुसरं लाल असलं तर वायर तपासायची. सगळीच लाल म्हणजे चूक वायरची नाही, डोक्यावर काहीतरी आहे.

इम्पिडन्स म्हणजे विजेच्या वाटेतला अडथळा. मेंदूत सतत बारीक वीज खेळत असते. कवटी ओलांडून बाहेर येईपर्यंत ती इतकी क्षीण होते की एका व्होल्टचे दहा लाख भाग करा, त्यातले मोजके आमच्या वाट्याला येतात. ते पकडायला डोक्यावर टोपी घालायची, टोपीत धातूच्या चकत्या, चकतीखाली जेल. या मोजणीला ईईजी म्हणतात. चकती आणि कातडी यांच्यामध्ये काही आलं की कारभार आटोपला.

मी टोपी उचलून बोट लावून पाहिलं. खोबरेल. चांगलं वाटीभर जिरवलेलं.

"करुणा, तेल लावलंस?"

"हो जी. मॅडम नागपूरवरून मायचं डोकं पाहाले येऊन राहिल्या. कोरडं डोकं कसं दाखवाचं?"

आदल्या दिवशी फोनवर सगळं सांगितलं होतं. टीव्ही बंद ठेवा, कारण त्याची वीज आमच्या मोजणीत घुसते. पंखा दूर ठेवा. डोक्याला तेल लावू नका, हे सांगायचं मात्र माझ्या डोक्यात आलं नाही. शिकेकाईने दोनदा डोकं धुतलं, पुसलं, वाळवलं. त्यात सकाळ गेली.

डोकं होतं पंचफुलाबाईंचं. मुक्काम आसगाव, वय साठीच्या पुढे. दीड वर्षापूर्वी मेंदूच्या बुडाशी, जिथून शरीराकडे जाणाऱ्या सगळ्या तारा उतरतात, तिथे झटका आला. हात, पाय, जीभ, सगळं थांबलं. डोळे उघडे असत, पण कोणाच्या मागे फिरत नसत. दवाखान्याच्या कागदावर लिहिलं होतं, 'प्रतिसाद नाही.'

मुलगा मिलिंद पवनीला एका शाळेत क्लार्क आहे. कागदावर त्याचा विश्वास. आईचं औषधपाणी तो चोख बघायचा, पण तिच्याशी बोलणं त्याने सोडलं होतं. सून करुणा कागद मानत नव्हती.

"माय ऐकते," ती म्हणाली.

"कशावरून?"

"मी गानं म्हनलं का तिचा श्वास बदलते."

मिलिंद मान खाली घालून म्हणाला, "मॅडम, हे रोजचंच आहे. तुमीच एकदा सांगून टाका. तुमच्या मशीननं नाही म्हटलं, तं आमी समजून घेऊ."

म्हणजे माझ्या रिपोर्टवर त्या घरात पंचफुलाबाई आहेत की नाहीत हे ठरणार होतं. असली जबाबदारी मला आवडत नाही. इंजिनीअर माणसाला आकडे विचारावेत.

आता आमचं काम थोडक्यात. ब्रेन-कॉम्प्युटर इंटरफेस म्हणजे मेंदूतून थेट कॉम्प्युटरपर्यंत दुवा, मधे हात नाही, जीभ नाही. हात स्वस्थ असतो तेव्हा मेंदूतला हाताचा भाग एका ठरावीक लयीत गुणगुणत असतो. हात हलवला की ती लय मोडते. गंमत अशी, की हात हलवण्याची नुसती मनापासून कल्पना केली तरी ती मोडते. हात लुळा असला तरीही. उजव्या हाताचा भाग डोक्याच्या डाव्या बाजूला, पायांचा भाग बरोबर टाळूखाली. कुठली लय मोडली ते बघून कॉम्प्युटर 'हो' किंवा 'नाही' समजतो. आमचा ठरलेला रेकॉर्डेड आवाज सांगे, 'उजव्या हाताची मूठ वळण्याची कल्पना करा.' मग, 'पायाची बोटं वळण्याची कल्पना करा.'

पहिल्या दिवशी टिंबं हिरवी झाली, पण लय मोडली नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. मूठ म्हणा, बोटं म्हणा, रेषा आपल्या एका चालीत.

आमचं सेशन संपलं की करुणा पलंगासमोरचा टीव्ही पुन्हा लावायची. जेल पुसायच्या आत मालिका सुरू.

"दिवसभर चालू असतो?"

"हो जी. मायचा जीव रमते."

अंगणात जाऊन मी आमच्या विभागप्रमुखांना फोन लावला.

"काय रिझल्ट?"

"सर, सिग्नल स्वच्छ आहे. पण प्रतिसाद नाही."

"मग उद्या तिसरं सेशन करून क्लोज करा. मशीन एकच आहे आणि वेटिंगला पाच घरं आहेत."

"चौथं सेशन मिळेल?"

"प्रोटोकॉलमध्ये तीन लिहिलंय. तुम्हीच लिहिलंय."

खरं होतं ते. मीच लिहिलं होतं.

करुणाने अंगणातच जेवायला वाढलं. भात, वांग्याची भाजी. सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर, निवडत ती समोर बसली. मग म्हणाली, "मॅडम, राग नका येऊ देऊ. थे बाई मशीनमंधून मूठ वळा, मूठ वळा म्हनते. मायनं मूठ कायले वळावं जी? कोनाले माराचं हाय का तिले?"

मी चिडले. दोन दिवसांचा वैताग होता, तो तिच्यावर निघाला. जगभर हेच सांगतात, म्हणून तिला सुनावलं. ती हसली नाही, रुसलीही नाही.

"जगातल्या लोकाइनं केली असन मूठ. मायनं जलमभर परे लावले."

"परे?"

"धानाचे. लहान रोपं. तुमाले रोवनी ठाऊक नाही?"

मला रोवणी, म्हणजे भाताची लावणी, ठाऊक होती, पण बसच्या खिडकीतून बघितलेली. करुणाने सांबाराची जुडी डाव्या हातात धरली. डाव्या अंगठ्याने तीन-चार काड्या सुट्या केल्या, उजव्या हाताने घेतल्या आणि वाकून मातीत खुपसल्याचं दाखवलं. पुन्हा तीन-चार. पुन्हा. मग एक पाऊल मागे. हात इतका झपझप चालत होता की माझा घास हातातच राहिला.

"मागे का जातेस?"

"पुढं गेलं तं लावलेले परे तुडवून जातीन ना जी! रोवतानी मानूस मागंच जाते. माय तं आमच्या गावात सगळ्याइच्या आंधी बांधी संपवे."

बांधी म्हणजे भाताचं खाचर. हाताचं काम वेगळं, पायाचं काम वेगळं. दोन्ही पंचफुलाबाईंच्या अंगात चाळीस वर्षं मुरलेली. मला हवे होते ते दोन सिग्नल करुणा सांबाराची जुडी घेऊन अंगणात दाखवत होती, आणि मी तिला जगाची पद्धत शिकवत होते. स्वतःची इतकी लाज क्वचित वाटली असेल.

आधी टोपी करुणाच्याच डोक्यावर चढवली. तिलाही तेल होतंच, तेव्हा पुन्हा शिकेकाई. हात मांडीवर ठेवून मूठ वळण्याची कल्पना कर म्हटलं. रेषा जेमतेम हलली. मग म्हटलं, "परे लाव." डाव्या बाजूची लय सपशेल खाली बसली, म्हणजे मोडली. "आता मागे सरक." टाळूखालची बसली.

"पास झाली का जी मी?"

"तू झालीस. मी नापास झाले."

तिसऱ्या दिवशी डोकं कोरडं होतं. रेकॉर्डेड आवाज मी बंद केला आणि करुणाला सासूच्या कानाशी बसवलं. मिलिंद रजा टाकून दाराशी उभा होता.

करुणा म्हणाली, "माय, बांधीत पानी हाय. पेंडी डाव्या हातात घे. लाव परे."

काही नाही. चार सेकंद, पाच सेकंद. प्रोटोकॉलप्रमाणे मी चार सेकंदांनी थांबायला हवं होतं. थांबले नाही. सातव्या सेकंदाला डाव्या बाजूची लय खाली बसली आणि बसलेलीच राहिली.

"आता माघारी सरक, माय. चिखल लय हाय, पाय उचल."

टाळूखालची बसली.

पण एकदा झालं म्हणजे झालं असं आमच्या धंद्यात नसतं. 'हो' असेल तर परे लावायचे, 'नाही' असेल तर मागे सरकायचं, हे ठरवून दिलं आणि उत्तरं माहीत असलेले दहा प्रश्न विचारले. तुमचं नाव पंचफुला का? तुम्ही नागपूरच्या का? मिलिंद तुमचा मुलगा का? नाणं उडवून उत्तरं दिली तर दहात साधारण पाच बरोबर येतात. पंचफुलाबाईंची नऊ आली. त्यांना विश्रांती दिली, पुन्हा दुसरे दहा विचारले. आठ.

मी मिलिंदला म्हटलं, "आता तुम्ही विचारा."

तो पलंगाजवळ आला. आईच्या कानाशी वाकला.

"माय, आमी बोलतो थे तुले समजते का?"

सात सेकंद. हो.

तो खाली बसला आणि आईच्या पायांवर डोकं ठेवून रडला. दीड वर्षात त्या खोलीत तिच्यासमोर काय काय बोललं गेलं असेल, ते त्याला एका क्षणात आठवलं असणार. मीही डोळे पुसले. स्क्रीन दिसत नव्हती म्हणून, असं तेव्हा म्हणाले. ते खरं नव्हतं.

शेवटचा प्रश्न करुणाचा. "माय, टीव्ही लावू का आता?"

पाय. नाही.

करुणा माझ्याकडे बघायला लागली. एका उत्तरावर विसंबू नये म्हणून मी प्रश्न उलटा करायला सांगितला. "टीव्ही बंदच ठेवू का?"

हात. हो. आणि या वेळी सात सेकंद लागले नाहीत.

संध्याकाळी सरांना फोन केला. "क्लोज केलं?" त्यांनी विचारलं.

"नाही सर. चौथं सेशन हवंय, पाचवंही. आणि प्रोटोकॉल बदलायचाय."

"काय बदलायचंय?"

"फॉर्ममध्ये आपण वय विचारतो, आजार विचारतो, गोळ्या विचारतो. आयुष्यभर हातांनी काय काम केलं, ते विचारतच नाही."

सर म्हणाले, "घाला रकाना." तो रकाना आता सर्वात वर आहे. आंधळगावच्या आमच्या पुढच्या पेशंटच्या घरी त्यात 'हातमाग' असं लिहिलं गेलं आणि हाताला धोटा, पायाला पावडी, हे दोन सिग्नल पहिल्याच दिवशी मिळाले. तेल लावू नका, हेही आता मोठ्या अक्षरात छापलंय. तरी लावतात.

पंचफुलाबाईंची उत्तरं हळू येतात, दमल्या की चुकतात, आणि मशीन महिन्यातून दोनच दिवस त्यांच्या वाट्याला येतं. मिलिंद मात्र रोज शाळेतून आला की आधी पलंगाशी बसतो आणि दिवसभराचं सगळं सांगतो, उत्तराची वाट न बघता.

मागच्या खेपेला गेले तेव्हा टीव्हीवर कापड टाकलेलं होतं.

"अजून बंदच?" मी विचारलं.

"काय करता जी," करुणा म्हणाली. "मालिका मले आवडे. पन माय नाही म्हनते."