कोमट पाणी

बाप्तिस्म्याच्या रविवारी सगुणामावशी देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, यायच्या तेव्हा त्यांच्या एका हातात बायबल असे आणि दुसऱ्या हातात गरम पाण्याची पितळी किटली. डिसेंबरातल्या नाशिकच्या सकाळी आम्ही सगळे शाली-मफलरांत गुंडाळलेले, आणि मावशी दगडी कुंडातल्या गार पाण्यात किटली ओतत उभ्या. ओतून झालं की त्या पदर खोचायच्या आणि कुंडात कोपर बुडवून बघायच्या. तान्ह्या मुलाला न्हाऊ घालणारी बाई बादलीतलं पाणी बघते, अगदी तसं. एकदा नवीन आलेल्या पाद्रीसाहेबांनी हळूच सुचवलं, "मावशी, हे पवित्र कुंड आहे." मावशी कोपर पुसत म्हणाल्या, "साहेब, माझ्या कोपराचा बी बाप्तिस्मा झालेलाच हाय."

त्या मूळच्या नामपूरकडच्या. आईवडील गेल्यावर लहानपणी कोणीतरी त्यांना नाशिकला मुलींच्या बोर्डिंगमध्ये आणून सोडलं. तिथेच त्या वाढल्या, तिथेच मेट्रन झाल्या आणि तिथूनच निवृत्त झाल्या. लग्न केलं नाही. त्यांचा बाप्तिस्मा जाणत्या वयात झाला होता, ऐन थंडीत. "देव आला का नाय त्या दिवशी, मला आठवत नाय," त्या सांगायच्या. "गार पाणी मानेवरनं पाठीत उतरलं, ते आठवतं. लेकराला देवाची पहिली आठवण अशी नको."

ज्यांनी हा विधी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा करतात तेव्हा पाद्रीसाहेब प्रश्न विचारतात. सैतानाला नाकारतोस का, ख्रिस्तावर विश्वास ठेवतोस का. मूल बोलू शकत नाही, म्हणून त्याच्या वतीने धर्मआई आणि धर्मबाप उत्तर देतात. या मुलाला आम्ही सांभाळू, वाट दाखवू, असं वचनही देतात. मग मुलाच्या कपाळावर तीनदा पाणी घालतात. पाणी नळाचंच असतं. विधी संपल्यावर फोटो निघतात, केक कापला जातो, बिर्याणीची पातेली उघडतात, आणि धर्मबाप दिलेलं वचन बहुधा जेवणाच्या पंगतीतच विसरून जातो.

मावशी विसरत नसत. त्या कितीजणांच्या धर्मआई होत्या कोणास ठाऊक. मीही त्यांतलाच एक. माझ्या बाप्तिस्म्याचं पाणीही त्यांनीच कोमट केलेलं. दहावीत मी सिगारेट ओढताना सापडलो तेव्हा वडिलांनी मारलं, पण मावशी घरी येऊन नुसत्या समोर बसल्या. "दिनू, सैतानाला नाकारतो असं तुझ्या वतीनं मी बोललेय," त्या म्हणाल्या. "तू असा वागलास का खोटी मी पडते, बाबा." वडिलांचा मार मी विसरलो, ते वाक्य नाही.

बाप्तिस्म्याच्या आदल्या दिवशी त्या धर्मआई-धर्मबापांची तालीम घ्यायच्या. सूट घालून आलेल्याला म्हणायच्या, "सूट शिवलास, उत्तर शिवलंस का?" आणि एक गोष्ट प्रत्येकाला सांगायच्या, "होय म्हणायच्या आधी थुंकी गिळायची. तेवढ्या वेळात विचार होतो. नसंल जमणार तर गप उभं राहायचं." मूल रडायला लागलं की त्याला म्हणायच्या, "रड, रड. तुझ्या नावावर आम्ही शपथा घेतोय आणि तुला कोणी विचारलंच नाय!" एकाच दिवशी ज्यांचा बाप्तिस्मा होई त्या मुलांना त्या 'एका पाण्याची भावंडं' म्हणत. मोठेपणी अशी दोन मुलं भांडली तर मावशींची बोलणी दोघांनाही खावी लागत.

नव्वदच्या दशकाची अखेर असावी. नाताळच्या आधीच्या रविवारी दोन मुलांचा बाप्तिस्मा ठरला होता. एक माझी मुलगी स्नेहल. दुसरा आशिष. आशिषची आई मावशींच्या हाताखाली बोर्डिंगमध्ये वाढलेली. तिचा नवरा मुंबई-आग्रा रस्त्यावर ट्रक चालवायचा. तो आजारी पडून गेला, मग ती अंथरुणाला खिळली, आणि मुलाचं रक्त तपासलं तर त्यालाही तोच आजार निघाला. त्या काळी एड्स हा शब्द लोक उच्चारत नसत. 'तो आजार' म्हणत आणि दोन पावलं मागे सरत. नातेवाइकांनी मुलाला घ्यायला नकार दिला. मावशींनी त्याला आपल्या चाळीतल्या खोलीत आणलं.

शनिवारी त्या माझ्याकडे आल्या. "दिनू, आशिषला धर्मबाप पायजे. बाहेरचा कोणी तयार होत नाय. तू होशील?"

"होईन की मावशी. त्यात काय?"

"त्यात बरंच काय हाय. मी म्हातारी. माझ्यामागं त्याला कोणीतरी लागंल. म्हणून तुला विचारतेय. थुंकी गिळून सांग."

मी हसलो आणि पुन्हा हो म्हणालो. थुंकी गिळली नाही.

मी शाळेत विज्ञान शिकवायचो. त्याच महिन्यात आमच्या शाळेने जनजागृतीची फेरी काढली होती. हा आजार हात मिळवल्याने होत नाही, एका ताटात जेवल्याने होत नाही, पाण्यातून होत नाही, असे फलक मीच मुलांकडून रंगवून घेतले होते. हे मुद्दाम लिहितो आहे. मला माहीत नव्हतं, अशी सबब मला नाही.

रविवारी देऊळ भरलेलं. मावशींनी किटली ओतली, कोपर बुडवलं. आशिष वर्षाचा होता, स्नेहलपेक्षा मोठा, म्हणून पहिला मान त्याचा. पाद्रीसाहेबांनी त्याला घ्यायला हात पुढे केले. मला कुंडातलं पाणी दिसलं. आधी ते त्याच्या कपाळावरून पुन्हा कुंडात पडणार, मग त्यातलंच माझ्या मुलीच्या कपाळावर येणार. मी पुढे झालो आणि साहेबांच्या कानाशी म्हणालो, "आमची आधी घ्या."

पुढे कित्येक वर्षं मी सांगत आलो, की माझ्या आईने बाकावरून खूण केली होती. आईने काहीही केलं नव्हतं. ती डोळे मिटून प्रार्थना करत होती.

पाद्रीसाहेब घुटमळले. मावशींनी ऐकलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग आशिषला कडेवर नीट घेतलं आणि बाजूला सरल्या. "घ्या साहेब, त्यांची आधी," त्या म्हणाल्या.

स्नेहलचा बाप्तिस्मा झाला. पाणी कोमट होतं. ती रडलीसुद्धा नाही. तिचं डोकं पुसत मी तिला थंडी लागेल असं काहीतरी पुटपुटलो आणि बाकावर येऊन बसलो. आता आशिषची वेळ. मी उठायला हवं होतं. पुढच्या बाकावरचे दोघे-तिघे वळून माझ्याकडे बघत होते. मी स्नेहलच्या टोपड्याची गाठ सोडत होतो आणि पुन्हा बांधत होतो.

साहेबांनी पहिला प्रश्न विचारला. मावशी म्हणाल्या, "होय." मग त्यांनी शेजारच्या मोकळ्या जागेकडे, जिथे मी उभा राहायचा होतो तिकडे पाहिलं, आणि पुन्हा एकदा म्हणाल्या, "होय." प्रत्येक प्रश्नाला असंच. एकदा स्वतःचं, एकदा माझं.

उपासना संपल्यावर कुंडातलं पाणी गटारात न टाकता देवळामागच्या जास्वंदीला घालायचा त्यांचा शिरस्ता होता. मी तिथे गेलो. त्यांनी तांब्या रिकामा केला आणि म्हणाल्या, "तुझं उत्तर मी दिलंय. माझ्याकडं ठेवलंय म्हण. सवड झाली का येऊन घेऊन जा."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मला भांडता आलं असतं.

आशिषची आई त्याच थंडीत गेली. मावशी त्याला वाढवू लागल्या. दर वर्षी बाप्तिस्म्याच्या तारखेला त्या त्याला घेऊन आमच्या घरी यायच्या. "ताईला भेटायला आणलंय," दारातूनच सांगायच्या. वयाने स्नेहल लहान, पण पाणी तिला आधी मिळालं होतं, म्हणून मावशींच्या हिशेबी ताई तीच. आम्ही चहा द्यायचो. मावशींना नेहमीच्या कपात, आशिषला प्लॅस्टिकच्या पेल्यात. तो पेला आम्ही नंतर फेकून द्यायचो. मावशी तो पेला बघायच्या आणि आपल्या कपातला चहा बशीत ओतून त्याला पाजायच्या.

पोरगा गमत्या होता. बाप ट्रकवाला, हे त्याला कोणी सांगितलं असेल ते असो, पण परत जाताना तो आमच्या फाटकापासून कोपऱ्यापर्यंत उलटा चालत जायचा आणि तोंडाने ट्रक मागे घेतानाचा भोंगा वाजवायचा. स्नेहल गॅलरीतून ओरडायची, "आने दो, आने दो!" दोघं खदखदून हसायची. मी आत पेपर वाचत बसायचो. दर वर्षी मावशी जाताना माझ्याकडे बघून एवढंच विचारायच्या, "सवड झाली का रे?" आणि मी म्हणायचो, "मावशी, परीक्षा होऊ द्या." कधी म्हणायचो, "घराचं काम निघालंय."

त्यांना साखरेचा आजार जडला. पाय सुजायचे. एका वर्षी त्या स्पष्टच बोलल्या. "दिनू, माझं काय खरं नाय. दुपारच्याला जरी तू त्याला घरी ठेवून घेतलास तरी त्याला सवय होईल. मग मी निवांत मरेन."

"बघतो," मी म्हणालो.

मी बघितलं नाही. आणि क्रम उलटा झाला. मावशी राहिल्या, आशिष गेला. सहा-सात वर्षांचा झाला असेल. त्या आजारावरची औषधं होती, पण आमच्यासारख्यांच्या आवाक्यात आली नव्हती. खोकला सुरू झाला, तो छातीत उतरला, आणि एका जानेवारीत दुपारी निरोप आला.

चाळीच्या अंगणात देवळाच्या मंडळीतली माणसं जमली होती, पण खोलीच्या दारापासून बरीच लांब. काहींनी नाकाला रुमाल लावले होते. मीही त्यांच्यातच उभा राहिलो. आत स्टोव्हचा आवाज येत होता. थोड्या वेळाने मावशी दारात आल्या. त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. "दिनू," त्यांनी हाक मारली. "आत ये. मला वाकवत नाय."

खोलीत आशिषला पाटावर निजवलं होतं. इतका लहान दिसत होता, की मला क्षणभर वाटलं हा कोणी दुसराच. मावशींनी पातेल्यातलं उकळतं पाणी बादलीत ओतलं, वरून गार पाणी घातलं, आणि पदर खोचून बादलीत कोपर बुडवलं. थोडं थांबल्या. अजून गरम पाणी घातलं.

"मावशी," मी म्हणालो. मला म्हणायचं होतं, आता त्याला काय कळतंय. ते त्यांना कळलं असावं.

"गार पाणी नको त्याला. खोकला हाय," त्या म्हणाल्या. मग बाजूला सरकल्या. "बघ रे, बेताचं हाय का."

मी बाही वर केली आणि कोपर बुडवलं. पाणी कोमट होतं. मी तांब्याने पाणी घालत गेलो, मावशी हात फिरवत गेल्या. मानेवर, पाठीवर, हडकुळ्या खांद्यांवर. ज्या पाण्याला मी घाबरलो होतो ते माझ्या मनगटावरून, बोटांवरून वाहत होतं. कपाळावर पाणी घालताना माझा हात थांबला.

"मावशी, ते माझं उत्तर," मी म्हणालो. "आज घेऊन जातो."

त्यांनी मान वर केली नाही. "आता काय करशील नेऊन? ते जित्या पोराचं होतं." आणि त्याचे ओले केस मागे सारत, "तांब्या भर."

त्या दिवशी दफनभूमीत पाद्रीसाहेब बोलले, की बाप्तिस्मा म्हणजे ख्रिस्ताबरोबर मरणं आणि त्याच्याबरोबर पुन्हा उठणं, म्हणून या मुलाला मरणाचं भय नाही. हे मी लहानपणापासून ऐकत आलो आहे, आणि माझा त्यावर विश्वास आहे. पण मावशी खड्ड्याच्या कडेला सुजल्या पायांवर उभ्या होत्या आणि मी विचार करत होतो, की मरणानंतरचं सगळं देवाने अंगावर घेतलं होतं. आमच्याकडे त्याने मधली सहा-सात वर्षंच सोपवली होती.

मावशींनी माझ्याशी बोलणं सोडलं नाही. घरी यायच्या, चहा प्यायच्या, स्नेहलच्या अभ्यासाची चौकशी करायच्या. 'सवड झाली का' हे मात्र त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. मी दोनदा विषय काढला. दोन्ही वेळा त्या म्हणाल्या, "जाऊ दे आता." माफ केलं असं म्हणाल्या नाहीत, आणि केलं नाही असंही नाही. बाप्तिस्म्याच्या रविवारी किटली घेऊन येत राहिल्या. पाय अगदीच गेले तेव्हा किटली रिक्षावाल्याकडे द्यायच्या आणि त्याला बजावायच्या, "सांडू नको, त्यात लेकराची अंघोळ हाय."

त्या गेल्या तेव्हाही थंडीच होती. त्यांना न्हाऊ घालायला बोर्डिंगमध्ये वाढलेल्या बायका आल्या होत्या. पुरुषांचं काम बाहेर. मी अंगणात स्टोव्ह पेटवला, पातेलं चढवलं. पाणी उकळल्यावर बादलीत ओतलं, वरून गार घातलं आणि कोपर बुडवून पाहिलं. कढत वाटलं. अजून एक तांब्या गार पाणी घातलं, पुन्हा पाहिलं. मग बादली उचलून दारातून आत सरकवली.

आतून एका बाईने विचारलं, "बेताचं आहे ना?"

मी थुंकी गिळली आणि म्हणालो, "होय."