दुभाषीबाई आणि भांडणाचे सिनेमे

त्या शनिवारी खोलीत कोण कोण होतं ते आधी सांगते, कारण जे तिथे नव्हते तेही आज बोलतात. दुभाषीबाई होत्या. मी होते, माझी मुलगी मंगल होती. बाईंच्या खालच्या मजल्यावरच्या कुलकर्णीवहिनी होत्या, स्थळ त्यांनीच आणलं होतं. मुलगा होता, नितीन, आणि त्याची आई. बस, एवढेच.

दुभाषीबाई सिनेमापेक्षा भरभर बोलायच्या. सरकारी ऑफिसात त्या इंग्रजी फायलींचं हिंदी करायच्या. दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरात सरकारी क्वार्टर, लग्न केलेलं नाही. शनिवारी दुपारी कॉलनीतल्या बायकांना त्या जुने काळे-पांढरे अमेरिकन सिनेमे लावायच्या आणि टीव्हीशेजारी उभं राहून सगळ्यांचं बोलणं मराठीत सांगायच्या. बाईचं बाईच्या आवाजात, पुरुषाचं जाड आवाजात. दम लागायचा त्यांना. मी त्यांच्याकडे पोळ्या करायचे. काम आटपून दाराशी टेकले की म्हणायच्या, "दाराशी नाही, शांताबाई. खुर्चीवर बसा, नाहीतर मी सुरू करत नाही."

सिनेमे सगळे एकाच जातीचे. त्याला स्क्रूबॉल कॉमेडी म्हणतात म्हणे. बाई म्हणायच्या, वरून वेडेपणा वाटतो, पण आत कायदा कडक आहे. पोरगी पैशात लोळणारी आणि हट्टी, मुलगा साधा, स्वतःला शहाणा समजणारा. दोघांची गाठ पडते ती भांडणानेच. मग गैरसमज, खोटी नावं, पळापळ, मध्येच कुत्रं काहीतरी घेऊन पळतं, आणि शहाण्याची अब्रू सगळ्यांत आधी जाते. पाप्या-बिप्या जवळपास नाहीच, शेवटापर्यंत नुसतं बोलणं.

मला पहिल्यांदा रागच आला. एका सिनेमात ती श्रीमंत पोरगी हॉटेलात भांडी घासायला लागते नि बश्या फोडते. सगळ्या हसल्या. मी म्हटलं, बाई, मी एक कप फोडला होता एका घरी, तर महिनाभर टोमणे ऐकले. याच्यात हसायचं काय? बाई म्हणाल्या, "हसायचं तिच्यावर, भांड्यांवर नाही. हे सिनेमे आले तेव्हा तिकडे लोकांना काम नव्हतं. उपाशी माणसं तिकीट काढून श्रीमंतांना धडपडताना बघायची." तेवढं मला पटलं.

आणखी एक कायदा त्या पुन्हा पुन्हा सांगायच्या. भांडणात दोघांना सारखं बोलायला मिळालं पाहिजे. बाईला एक वाक्य कमी मिळालं तरी सिनेमा फुकट. मी म्हटलं, आमच्या घरी तर भांडणच नव्हतं. माझा नवरा बोलायचाच नाही, सरळ हात उचलायचा. बाईंनी सिनेमा थांबवला. रिमोट खाली ठेवला. मग म्हणाल्या, "त्याला यात जागा नाही, शांताबाई. हसण्यातही नाही." नवरा जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती, पण असं कुणी मला म्हटलं नव्हतं.

आणि या सिनेमांत एक चुकीचा नवरा असतोच. वाईट नसतो बरं का. केस नीट, नोकरी नीट, कुणाला उलट बोलणार नाही. लग्न त्याच्याशी ठरलेलं असतं आणि ते मोडावंच लागतं, कारण त्याच्याशी भांडताच येत नाही.

आता तो शनिवार. फरीदाबादची आमची खोली एवढीशी, म्हणून बाई म्हणाल्या, बघण्याचा कार्यक्रम माझ्याकडे करा. पोहे झाले, चहा झाला, बाईंनी नेहमीसारखा सिनेमा लावला. नितीन बरा मुलगा होता. हसायच्या आधी आईकडे बघायचा, एवढंच. त्याची आई मला म्हणाली, लग्नानंतर मुलीची नोएडाची नोकरी बंद, रोज मेट्रोने इतक्या लांब जायचं आमच्यात चालत नाही. मी गप्प बसले. मुलीच्या आईने गप्प बसायचं असतं, मला तेवढंच माहीत होतं.

मंगलने सरळ नितीनला विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

तो म्हणाला, "आई म्हणते ते बिल्कुल बरोबर आहे."

बाईंनी टीव्हीचा आवाज बंद केला.

मंगल म्हणाली, "मग मला जमणार नाही. तुमच्या आईंशी मी जन्मभर भांडेन आणि तुम्ही बघत बसाल. मला तुमच्याशी भांडता आलं पाहिजे."

मुलाची आई उठली ती बाईंच्याच अंगावर गेली. म्हणाली, असले सिनेमे दाखवून पोरी बिघडवल्यात तुम्ही. बाई म्हणाल्या, "मी फक्त आवाज बंद केला."

पुढचं सगळं कुलकर्णीवहिनींनी पसरवलं. माझी पोळ्यांची दोन घरं सुटली, त्यात पहिलं वहिनींचंच. बायकांनी शनिवारी येणं सोडलं. तरी बाई उभं राहूनच सिनेमा सांगायच्या, समोर मी आणि मंगल दोघीच असलो तरी. मग रिटायर झाल्या, क्वार्टर सोडलं, पुण्याला भाचीकडे गेल्या. जाताना मंगलला जवळ घेतलं, मला म्हणाल्या, "खुर्ची सोडू नका." यंदा तिकडेच वारल्या.

कॉलनीतल्या मराठी मंडळाने शोकसभा ठेवली. तिथे वहिनींनी माईकवर हसत हसत सांगितलं, की बाईंच्या सिनेमापायी एका पोळीवालीच्या पोरीचं लग्न मोडलं, अजून घरी बसलीय बिचारी. लोक हसले. मी उठले, पण माईक पुढे गेला होता.

घरी बसलीय? सकाळी डबा घेऊन मेट्रोने नोएडाला जाते, घर तिच्यावर चाललंय. सिनेमात शेवटी खरा नवरा धावत येतो. आमच्याकडे कुणी आलं नाही, हे खरं आहे, आणि ते मंगलला त्या दिवशीही ठाऊक होतं. तरी ती बोलली. पोळीवालीच्या पोरीला स्वतःच्या डोक्याने नाही म्हणता येतं, हेच या शिकलेल्या लोकांना पटत नाही. मग कुणाचं तरी नाव लावायचं, गेलेल्या माणसाचं लावलं की आणखी बरं, ते उलट बोलत नाही.

वाचणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. कुणी तुमच्यासमोर ही गोष्ट काढली तर सांगा, लग्न बाईंनी मोडलं नाही. नकार मंगलने दिला.